मंदीत तंत्रज्ञानावरचा खर्च: कात्री कुठे लावायची आणि कुठे अजिबात नाही

मागणी घटली, येणी अडकली, कर्ज महागलं की बहुतेक कंपन्यांत एकच फतवा निघतो: प्रत्येक विभागाने खर्च वीस टक्क्यांनी कमी करावा. वरवर हे न्याय्य वाटतं, कारण झळ सगळ्यांना सारखीच बसते. पण तंत्रज्ञानावरचे सगळे खर्च एका जातीचे नसतात. कोणी वापरत नसलेलं लायसन्स बंद केलं तर ते उद्या पुन्हा घेता येतं. बॅकअप तपासण्याचं काम बंद केलं आणि तीन महिन्यांनी डेटाबेस कोसळला, तर गेलेला डेटा कितीही पैसे ओतले तरी परत येत नाही. सरसकट कात्रीला हा फरक दिसत नाही.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे. हा खर्च आज थांबवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करायची वेळ आली, तर किती पैसे, किती दिवस आणि कोणती माणसं लागतील? याला मी परतीची किंमत म्हणतो. मंदी किती खोल जाईल आणि कधी उठेल, हे कोणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी ज्याचे निर्णय स्वस्तात फिरवता येतात, तोच टिकतो.

याला आधार आहे. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०१० साली एक अभ्यास आला होता. त्यात तीन मंदींच्या काळातल्या ४,७०० कंपन्या तपासल्या होत्या. १७ टक्के कंपन्या मंदीतून तगल्याच नाहीत आणि मंदीनंतर प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून खरोखर भरारी घेणाऱ्या फक्त ९ टक्के निघाल्या. इतरांपेक्षा झपाट्याने आणि खोलवर खर्च कापणाऱ्यांची पुढे जाण्याची शक्यता सगळ्यात कमी, म्हणजे २१ टक्के होती. कामकाजातली गळती थांबवून त्याच वेळी निवडक गुंतवणूक करणाऱ्यांची शक्यता सर्वाधिक, ३७ टक्के. म्हणजे काटकसर चुकीची नाही, आंधळी काटकसर चुकीची.

पायरी १: आधी रोख, मग तीन चित्रं

पुढच्या तेरा आठवड्यांचा रोख प्रवाह आठवड्यागणिक मांडा. त्यात तंत्रज्ञानाचं प्रत्येक देणं तारखेसह घाला. वार्षिक रिन्यूअल बहुधा एक-दोन महिन्यांत गर्दी करून येतात आणि वर्षाच्या सरासरीत ती गर्दी दिसत नाही. घोडं नेमकं तिथेच अडतं.

मग तीन चित्रं काढा: विक्री आहे तशी राहिली, १५ टक्क्यांनी घटली, ३५ टक्क्यांनी घटली. प्रत्येक चित्रात तंत्रज्ञानाच्या बाजूने काय करायचं ते आजच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. एका चित्रातून दुसऱ्यात कधी जायचं हे आकड्याने ठरवा. ‘परिस्थिती फारच बिघडली तर’ हा निकष नव्हे. ‘सलग दोन महिने नव्या ऑर्डर ठरलेल्या पातळीखाली’ किंवा ‘ग्राहकांकडून पैसे यायला सरासरी ४५ ऐवजी ७० दिवस लागायला लागले’ हा निकष.

घसरणीचं चित्र का हवं, याचं मोठं उदाहरण नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं. २००१ मध्ये डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला तेव्हा पुरवठ्याचं नियोजन अत्याधुनिक प्रणालींवर करणारी म्हणून या कंपनीची ख्याती होती. पण सगळी मांडणी वाढीच्या गृहीतकावर उभी होती, आणि माल वेळेत मिळावा म्हणून ग्राहकांनी एकाच गरजेपोटी दोन-दोन ठिकाणी नोंदवलेल्या ऑर्डर खऱ्या मागणीत मोजल्या गेल्या. शेवटी सुमारे २२५ कोटी डॉलरचा मालसाठा खात्यातून वजा करावा लागला. तुमच्या अंदाजाच्या शीटमध्ये वाढीचा दर उणे टाकून पाहा. अनेक शीट तिथेच मोडतात.

पायरी २: खर्चाची खरी यादी

ही यादी आयटी विभागाकडे मागू नका, पैसे जिथून जातात तिथून काढा. कंपनीच्या कार्डांची बारा महिन्यांची स्टेटमेंट, कर्मचाऱ्यांनी परत मागितलेली बिलं, ‘तुमचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं’ असे ईमेल, डोमेन नावं, सुरक्षा प्रमाणपत्रं, टेलिफोन आणि इंटरनेटच्या लाइन. मार्केटिंगने परस्पर घेतलेलं साधन, दोन वर्षांपूर्वी संपलेल्या प्रकल्पासाठीचा सर्व्हर, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावरचं खातं, हे सगळं इथेच सापडतं.

प्रत्येक नोंदीपुढे हे लिहा: जबाबदार माणसाचं नाव (विभागाचं नव्हे), कशासाठी, शेवटचा वापर, आपला कोणता डेटा त्यात आहे, रिन्यूअलची तारीख आणि नोटिशीची शेवटची तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. बऱ्याच करारांत ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढतो. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, दोन माणसांच्या.

एक नोंद जवळून पाहू. समजा, विक्री विभागाच्या सॉफ्टवेअरची १२० लायसन्स आहेत. गेल्या ९० दिवसांत लॉगिन केलेली माणसं ७४. घाईत कोणीही म्हणेल, ४६ कापा. थोडं थांबा. त्या ७४ पैकी २० जण महिनाअखेर एकच अहवाल बघायला येतात. तो अहवाल आपोआप ईमेलने पाठवला तर त्यांना लायसन्स लागतच नाही. उलट न वापरणाऱ्या ४६ मध्ये वर्षातून एकदाच, ऑडिटच्या वेळी येणारे तिघं निघतात आणि त्यांच्यावाचून ऑडिट अडतं. म्हणजे खरी गरज ५४ पूर्ण लायसन्सची आणि तिघांसाठी तात्पुरत्या प्रवेशाची. लॉगिनचा आकडा पाहून हे कळत नाही, माणसांशी बोलून कळतं. दोन तास जातात, पण निम्म्याहून जास्त लायसन्स सुटतात आणि कोणाचंही काम थांबत नाही.

पायरी ३: परतीच्या किमतीने तीन ढीग

यादीतल्या प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारा आणि तीन ढीग करा.

परतीची किंमत नगण्य: जादा लायसन्स, एकाच कामाची दोन साधनं, चाचणीचे सर्व्हर, कोणी न वाचणाऱ्या अहवालांची सेवा. इथे आजच कात्री लावा, मंदी येवो न येवो.

परतीची किंमत मध्यम: बाहेरचे कंत्राटी तज्ज्ञ, अर्धवट प्रकल्प, प्रशिक्षण, यंत्रं बदलण्याचं वेळापत्रक. यांना ‘बंद’ करू नका, ‘थांबवा’. थांबवण्याआधी काम कुठपर्यंत आलं, पासवर्ड कोणाकडे, पुढचं पाऊल काय, हे पानभर लिहून घ्या. या एका पानामुळे परतीची किंमत बरीच उतरते.

परतीची किंमत प्रचंड किंवा अमर्याद: डेटा, बॅकअप, सुरक्षा, आणि प्रणाली आतून ओळखणारी माणसं. इथे हात लावायचा असेल तर निर्णय कंपनीच्या प्रमुखाच्या सहीनेच व्हावा. खालच्या पातळीवर टक्केवारी गाठण्यासाठी नव्हे.

पायरी ४: क्लाउडचं बिल उघडून पाहा

सर्वांत जास्त पाणी इथेच मुरतं, कारण क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर, सर्व्हर सुरू करायला एक क्लिक पुरतो आणि बंद करायची आठवण कोणालाच येत नाही.

सुरुवात वेळेपासून करा. आठवड्यात १६८ तास असतात. विकास आणि चाचणीची यंत्रं पाच दिवस रोज १२ तास चालली तरी ६० तासच होतात. उरलेले १०८ तास, म्हणजे जवळपास ६४ टक्के वेळ, ती रिकामी पेटलेली असतात. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ती आपोआप बंद होतील असं वेळापत्रक लावणं हे एका दिवसाचं काम आहे. मात्र यंत्र थांबलं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, त्यामुळे बिल तेवढ्याच प्रमाणात उतरेल असं धरू नका.

त्यानंतर कोणत्याच यंत्राला न जोडलेल्या डिस्क, वर्षानुवर्षं साठलेले स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या क्षणीच्या प्रती), गरजेपेक्षा जास्त काळ ठेवलेले लॉग (यंत्रांच्या कामाच्या नोंदी) आणि डेटा बाहेर नेण्याचं शुल्क बघा. जुना डेटा स्वस्त साठवणुकीत हलवण्याआधी तो परत काढायचं शुल्क आणि वेळ तपासा. सगळ्यात स्वस्त साठवणुकीतून डेटा बाहेर यायला काही वेळा कित्येक तास लागतात.

या सगळ्यासाठी एक शिस्त लागते: प्रत्येक यंत्रावर मालकाचं आणि कामाचं लेबल. लेबल नसलेल्या यंत्राचा मालक शोधायला दोन आठवडे द्या. कोणी पुढे आलं नाही तर ते थांबवा, पण पुसू नका. महिनाभर कोणाची तक्रार आली नाही तर प्रत ठेवून काढून टाका.

आता सवलतींचा मोह. मोठ्या क्लाउड कंपन्या एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली की भरघोस सवलत देतात. ॲमेझॉनच्या अशा योजनांत ती ७२ टक्क्यांपर्यंत जाते. पण बांधिलकी म्हणजे वापर घटला तरी पैसे भरणं, आणि मंदीत वापर घटतो. गेल्या बारा महिन्यांतला सर्वांत कमी वापर काढा, त्याच्याही थोडं खाली राहून एका वर्षाची बांधिलकी घ्या. उरलेलं महाग दराने घेतलं तरी चालेल. तो जादा दर म्हणजे मोकळं राहण्याची किंमत आहे आणि मंदीत ती मोजण्यासारखी असते.

क्लाउड सोडून स्वतःचे सर्व्हर घ्यावेत का? ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ चं क्लाउड बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी स्वतःची यंत्रं घेऊन काम हलवलं आणि मोठी बचत केली. पण त्यांचा वापर स्थिर होता आणि ती यंत्रं सांभाळणारी माणसं घरातच होती. तुमच्याकडे यातलं एक जरी नसेल तर मंदीच्या मध्यावर हे धाडस करू नका. आधी भांडवल गुंतेल, बचत नंतर दिसेल.

पायरी ५: व्हेंडरशी बोलणी

मंदीत व्हेंडरलाही, म्हणजे सेवा किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीलाही, ग्राहक टिकवायचा असतो. फक्त शेवटच्या आठवड्यात बोलायला बसलात तर तुमच्या हातात काहीच नसतं. रिन्यूअलच्या चार महिने आधी सुरुवात करा, प्रत्यक्ष वापराचे आकडे समोर ठेवा, आणि निव्वळ दर कमी करून मागू नका. मधेच लायसन्सची संख्या घटवण्याची मुभा, वार्षिकऐवजी तिमाही हप्ते, पुढच्या रिन्यूअलला दरवाढीची कमाल मर्यादा, आणि सोडताना डेटा वापरता येईल अशा स्वरूपात मिळण्याची लेखी हमी, हे दहा टक्के सवलतीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. मोठी सवलत देऊन तीन वर्षं अडकवणारा करार नाकारायची तयारी ठेवा.

एकाच व्हेंडरवर सगळा भार असेल तर धोका कसा येतो, ते एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरच्या ग्राहकांनी अनुभवलं. ब्रॉडकॉम या चिप कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून सबस्क्रिप्शन लागू केलं. वर्षानुवर्षं एकदाच पैसे भरून निश्चिंत असलेल्यांचं खर्चाचं गणित रातोरात बदललं. प्रत्येक मोठ्या व्हेंडरपुढे ‘उद्या दर दुप्पट झाला तर कुठे जाऊ, किती महिने लागतील’ एवढी एक ओळ लिहून ठेवा. पर्याय लगेच घ्यायचा नाही, पण तो माहीत असला की बोलणीत तुमचा आवाज वेगळा लागतो.

पायरी ६: जिथे हात लावायचा नाही

या पायरीवर मी आग्रही आहे. सुरक्षा आणि बॅकअप नीट चालले तर बाहेर काहीच दिसत नाही आणि म्हणूनच ते कापायला सोपे वाटतात.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसमधला डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. ऐनवेळी त्यातल्या बहुतेक चालत नसल्याचं उघड झालं. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं, मधला डेटा गेलाच. तेव्हा ‘बॅकअप होतो का’ असं विचारू नका. ‘शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला आणि किती वेळ लागला’ असं विचारा. तिमाहीतून एकदा, कामाच्या दिवशी, घड्याळ लावून हा प्रयोग करा. एक प्रत अशा जागी ठेवा जिथे तुमच्या रोजच्या ॲडमिन पासवर्डने पोचता येत नाही. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आधी बॅकअपच शोधतात.

पॅचिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या वेळेवर लावण्याचंही, तेच. लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवरच्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली त्रुटी मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, दुरुस्तीही उपलब्ध होती. ती लावली गेली नाही आणि मे महिन्यापासून चोर आत होते. एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे त्यांची हालचाल टिपणारं उपकरणही आंधळं झालं होतं. १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. दोन्ही कामं साधी, देखभालीच्या वहीतली.

मंदीत माणसं कमी होतात तेव्हा आणखी एक काम वाढतं: गेलेल्या प्रत्येकाची खाती, चाव्या आणि सामायिक पासवर्ड त्याच दिवशी बंद करणं. यादी पायरी २ मध्ये तयारच आहे.

पायरी ७: जुन्या प्रणालींची डागडुजी तुकड्यातुकड्याने

‘अजून चालतंय ना’ म्हणून जुनी प्रणाली तशीच ठेवणं ही मंदीतली नेहमीची सबब. डिसेंबर २०२२ मधल्या वादळात अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सची कर्मचारी नेमणुकीची प्रणाली बदलांचा वेग झेलू शकली नाही. कोणता वैमानिक कुठे आहे हे फोनवर विचारून जुळवायची वेळ आली. सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली, पुढे १४ कोटी डॉलरचा दंड झाला. प्रणाली साध्या दिवसांत चालत होती. धक्क्याच्या दिवशी तिने मान टाकली.

पण याचा अर्थ सगळं एका रात्रीत बदला, असाही नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या ५० लाखांहून जास्त ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलवली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला.

मधली वाट अशी: जुन्या प्रणालीतला सगळ्यात जास्त बदलणारा एकच भाग निवडा, उदाहरणार्थ दर ठरवणं. तो बाहेर काढून नव्याने बांधा, महिनाभर जुना आणि नवा शेजारीशेजारी चालवून उत्तरं ताडून पाहा, मग जुना भाग खरोखर काढून टाका. हे शेवटचं काम टाळू नका. नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवी आवृत्ती पोचली नाही आणि वापरातून गेलेला जुना कोड तिथे जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलर गमावले.

पायरी ८: चालू प्रकल्पांचा निवाडा

आतापर्यंत किती खर्च झाला ते विसरा, तो गेला. फक्त इथून पुढचे पैसे आणि इथून पुढचा फायदा बघा. सहा महिन्यांच्या आत रोख वाचवणारे किंवा आणणारे प्रकल्प ठेवा. मोठा प्रकल्प ९० दिवसांच्या तुकड्यांत मोडा आणि प्रत्येक तुकड्याअखेर काहीतरी वापरात आलंच पाहिजे अशी अट घाला. तुकडा सुरू होण्याआधी तो कोणत्या आकड्यावर बंद करायचा तेही लिहा. एकाच वेळी चालणाऱ्या प्रकल्पांची संख्या निम्मी करा. माणसं तीच राहिली तरी उरलेले लवकर संपतात.

ऑटोमेशन आणि एआयला हाच नियम. आधी हाताने होणारं काम मोजा: महिन्याला किती वेळा, किती मिनिटं, किती चुका. त्यातल्या अनावश्यक पायऱ्या काढून टाका आणि मगच साधन लावा. एआय साधनं वापरागणिक पैसे घेत असतील तर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला, आणि त्यांची उत्तरं तपासायला लागणारा माणसाचा वेळही खर्चात धरा.

पायरी ९: माणसांच्या डोक्यातलं ज्ञान

पगार हा नफा-तोटा पत्रकात मोठा आकडा दिसतो, म्हणून कात्री तिकडे आधी वळते. त्याआधी एक तक्ता करा: आडव्या ओळींत प्रणाली, उभ्या रकान्यांत माणसं, आणि ‘रात्री दोन वाजता ही प्रणाली पडली तर एकट्याने उभी करू शकतो’ अशा चौकटीत खूण. ज्या ओळीत एकच खूण आहे तिथे आठवड्याभरात दुसरं माणूस तयार करायला घ्या. नुसतं लिहून घेणं पुरत नाही. दुसऱ्याने ते वाचून पहिल्याच्या मदतीशिवाय काम करून दाखवायचं.

कपात अटळ असेलच, तर ती एकदाच, स्पष्टपणे आणि माणसांचा मान राखून करा. दर महिन्याला थोडीथोडी कपात झाली की ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते ते आधी निघतात, आणि तुम्हाला नेमके तेच हवे असतात.

पायरी १०: वाचलेल्या पैशातून एक पैज

वाचलेलं सगळं तोट्यात जिरू देऊ नका. एक ठरावीक वाटा, समजा पाचवा हिस्सा, बाजूला काढा आणि मंदी उठल्यावर उपयोगी पडेल अशा एकाच गोष्टीत घाला. फेब्रुवारी २००९ मध्ये, आर्थिक संकट ऐन भरात असताना, इंटेलने अमेरिकेतल्या कारखान्यांत चिप बनवण्याच्या नव्या ३२ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी दोन वर्षांत ७०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. आकार तुमच्या ऐपतीचा असू द्या: ग्राहकांचा विखुरलेला डेटा एका जागी आणणं, स्वतः ऑर्डर देता येईल अशी सोय, किंवा एरवी परवडली नसती अशी एक अनुभवी व्यक्ती घेणं. मंदीत चांगली माणसं बाजारात मोकळी असतात.

पायरी ११: महिन्याची बैठक आणि परतीची वही

महिन्यातून एकदा अर्थ, तंत्रज्ञान आणि कामकाजाच्या प्रमुखांनी तासभर बसावं. विषय तीनच: ठरवलेल्या आकड्यांपैकी कोणता ओलांडला गेला, पुढच्या १२० दिवसांत कोणत्या नोटिशीच्या तारखा येताहेत, आणि गेल्या महिन्यातल्या कपातीने कोणाचं काम अडलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काम करणाऱ्यांकडून मागवा, त्यांच्या साहेबांकडून नव्हे.

या बैठकीत एक वही ठेवा. थांबवलेली प्रत्येक गोष्ट, थांबवल्याची तारीख, परतीचा अंदाजे खर्च आणि ती कोणत्या आकड्यावर पुन्हा सुरू करायची, हे तिच्यात लिहा. मागणी परतायला लागते तेव्हा सगळे विभाग एकदमच पैसे मागतात. तेव्हा क्रम या वहीतून काढा: आधी ग्राहकाला थेट जाणवणारं, मग माणसांवरचा जादा ताण हलका करणारं, मग बाकीचं. आणि ज्या ओळीवर वर्षभर कोणीही बोट ठेवलं नाही, ती पुन्हा सुरूच करू नका.